रविवारी चावणारा फोन

शनिवारी दुपारी बारा वाजता तक्रारींच्या लाइनवर एक कुजबुज आली.

टेस्टबाईंनी हेडफोन कानाशी दाबला. "मोठ्यानं बोला. ऐकू येत नाही."

"मोठ्यानं बोलता येत नाही. बाहेर सून आहे."

"तक्रार काय?"

"फोन चावतो."

टेस्टबाईंची पेन्सिल थांबली. हे दोन शब्द त्यांनी यापूर्वी पाच चिठ्ठ्यांवर वाचले होते. पाचही वेळा लाइन तपासून 'ओके' लिहिलं होतं आणि खाली स्वतःची सही ठोकली होती.

"आत्ता चावतोय का?"

"आत्ता नाही. रविवारी."

"फक्त रविवारी?"

"फक्त रविवारी. बाकी आठवडाभर गरीब गाय." कुजबुज क्षणभर थांबली. "बाई, मी तीस वर्षं टायपिस्ट होते. समोर असेल तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, ही सवय आहे मला. तुम्ही पाच वेळा लिहून दिलंत की फोन ठणठणीत आहे. ते कागद डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ठरवलं, फोन बरा आहे म्हणजे म्हातारीचं डोकं बिघडलंय. परवा सोमवारी मला बंद घरात नेऊन ठेवणार आहेत. तिथून कुणी परत येत नाही."

"आजी, तुम्ही पोलिसांना फोन का..."

पलीकडे कडी वाजली आणि लाइन तुटली.

टेलिफोन एक्स्चेंजच्या टेस्ट रूमला खिडकी नव्हती. एक टेबल, एक मीटर, चार भिंती आणि शहराच्या या भागातल्या सहा हजार तारा. टेस्टबाई बावीस वर्षं इथे बसून लोकांचे फोन तपासत होत्या. बटण दाबलं की त्या तारेतला विजेचा दाब मीटरवर दिसायचा. कुणाच्या घराचं तोंड बघावं लागायचं नाही. याला आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, आणि बाईंना ते चांगलं जमायचं. त्या दिवशी मात्र त्यांना पहिल्यांदा त्या खोलीत गुदमरल्यासारखं झालं. आपल्या सहीने एका शहाण्या बाईला कोंडायला निघालेत, ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरेना.

त्यांनी पाचही चिठ्ठ्या काढल्या. अक्षर एकच, मुलाचं. 'रविवारी फोन चावतो असे आई म्हणते. कृपया तपासून लेखी अहवाल द्यावा.' प्रत्येक तक्रार सोमवारी सकाळी दिलेली. प्रत्येक वेळी लाइनमन गेला होता मंगळवारी, सकाळी अकरा वाजता. सोबत आणखी एक जुना अर्ज होता, तोही मुलाचाच: आई कुणालाही फोन लावत सुटते, तरी या फोनवरून बाहेर जाणारे कॉल बंद करावेत. म्हणजे त्या फोनवरून म्हातारीला तक्रारीचा नंबर लागत होता, आणि पोलिस-अग्निशमनासारखे तातडीचे दोन-तीन. बाकी सगळं जग बंद.

बाईंनी शिडीला बोलावलं.

शिडी म्हणजे त्या भागाचा लाइनमन. माणूस इतका उंच की खांबावर चढायला त्याला शिडी लागत नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि तेच नाव पडलं. पाचही वेळा तोच गेला होता.

"तिथे गेल्यावर काय केलंस? क्रमाने सांग."

"नेहमीचंच. आधी रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला."

"कशाला?"

"बाई, तुम्हीच शिकवलंय. फोन जागेवर असताना तारेत पन्नासेक व्होल्ट असतात, ते कोरड्या हाताला कळतही नाहीत. पण आपण हात घालायला आणि घंटी वाजायला गाठ पडली, तर वाजताना ऐंशी-नव्वद होतात. सणकन झटका बसतो. रिसीव्हर उचलून ठेवला की दाब दहाच्या खाली येतो आणि घंटी वाजूच शकत नाही. मग बिनधास्त काम."

"पुढे?"

"भिंतीवरची डबी उघडली, जोड घट्ट केले, डायल टोन ऐकला. स्वच्छ."

"यंत्र उघडलंस?"

"गिऱ्हाइकाच्या घरी यंत्र उघडायचं नाही, बदलून आणायचं. मी म्हटलंही, नवीन देतो. मुलगा नको म्हणाला. आईचे हात थरथरतात, फोन घसरतो, म्हणून त्याने खाली स्टीलचं स्टँड बसवलंय. म्हणाला, तिला याचीच सवय आहे."

"स्टँड कधी बसवलं?"

"पहिल्या तक्रारीच्या थोडं आधी असेल. नवं दिसत होतं."

"पायात काय होतं तुझ्या?"

शिडीने खाली बघितलं. त्याच्या पायात कायम असायचे ते रबरी तळाचे बूट होते.

रविवारी एक्स्चेंजचा तक्रार विभाग बंद असतो, लाइनमन कुठेही जात नाहीत. त्यांनी शिडीला सांगितलं की उद्या साडेतीनला त्या घरापाशी ये, पिशवी घेऊन. शिडीने सुट्टीची कुरकुर केली, पण बाईंचा चेहरा बघून ती अर्ध्यावरच गिळली.

घर अरुंद होतं. खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागे राहायच्या खोल्या, आणि वर जायला एकावेळी एकच माणूस मावेल असा जिना. मुलगा दुकानातून उठून आला. पन्नाशीचा, मऊ बोलणारा. कपाळावर सरकवलेलं बारीक कामाचं भिंग तसंच. त्याने त्यांचे आभार मानले, रविवारी तसदी पडली म्हणून दोनदा माफी मागितली. त्याची बायको मात्र जिन्याच्या तोंडाशी हात कमरेवर ठेवून उभी होती.

"सहाव्यांदा आलात," ती म्हणाली. "तपासून तपासून त्या फोनला लाज वाटायला लागली असेल. आणि चप्पल खाली काढा. वर नेत नाही आम्ही कुणी. फरशी मला पुसावी लागते."

"अगं, राहू दे त्यांच्या पायात," मुलगा म्हणाला. "कामाला आलेत. असू द्या हो चप्पल, खुशाल या."

"मी रोज अनवाणी फिरते आणि पाहुण्यांना सूट," ती पुटपुटली. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला होता. वरची कडीही तिनेच काढली.

"बाहेरून कडी का?" टेस्टबाईंनी विचारलं.

"पडतील जिन्यावरून. डॉक्टरांनी सांगितलंय असं हे म्हणाले. मला हौस आहे का कड्या घालायची?"

खोलीत एक पलंग, एक खुर्ची, गजांची खिडकी. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती, इतकी जवळ की हात लांब केला तर लागेल. कोपऱ्यात नळ, त्याखाली पत्र्याचा टब. टबाची कड नळाच्या लोखंडी पाइपला टेकली होती. म्हातारी खुर्चीत बसून त्यात पाय बुडवून होती. सुजलेल्या पायांना रोज साडेतीन ते साडेचार गरम पाणी. खुर्चीच्या डाव्या हाताला लाकडी तिवईवर तो काळा फोन, त्याच्या स्टीलच्या स्टँडसकट.

टेस्टबाईंनी सगळ्यांना खाली पाठवलं. मुलगा जाईना. मी थांबतो, तिला परक्यांची भीती वाटते, म्हणाला. म्हातारी म्हणाली, मला नाही वाटत. शिडीने जिन्याच्या तोंडाशी आपलं शरीर उभं केलं आणि तो प्रश्न तिथेच मिटला. दार लोटलं गेलं.

"आजी, फोन कसा उचलता ते दाखवा. नुसतं दाखवा, हात लावू नका."

म्हातारीने डावा पंजा स्टँडवर धरल्यासारखा केला आणि उजवा रिसीव्हरकडे नेला. "हात हलतात ना. एकाने धरायचं, दुसऱ्याने उचलायचं."

"चावतो कोणत्या हाताला?"

"डाव्या. खांद्यापर्यंत जातो. पहिल्यांदा खुर्चीसकट पडले होते मी."

"काल मला फोन केलात तेव्हा?"

"तेव्हा पलंगावर घेतला होता उचलून. पाय पुसून. काही झालं नाही."

"हा फोन आधी कुठे असायचा?"

"जिन्यापाशी. मुलाने इथे आणून दिला, मला उठायला नको म्हणून. फार करतो तो माझं."

"रविवारी कुणाचा फोन येतो?"

म्हातारी सावकाश सांगायला लागली. लेक परगावी इस्पितळात नर्स होती. आठवड्यातून एकच दुपार मोकळी, रविवारची. चार वाजता फोन करायची. मला घेऊन जाणार होती कायमची. नंतर तिचे फोन बंद झाले. मुलगा म्हणतो, रागावलीय ती.

"मग रविवारी चारला वाजतो तो कुणाचा?"

"चुकीचा नंबर, म्हणतो. मला वाटतं तिचाच असावा. पण आता हात पुढेच होत नाही हो. वाजायला लागला की मी हात असे मांडीखाली घालून बसते."

टेस्टबाईंना रडू आलं. त्यांनी ते आवरलं आणि दाराच्या फटीतून शिडीकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. चारला बारा मिनिटं कमी होती. त्यानंतर आत काय चाललं होतं ते शिडीलाही दिसलं नाही. पाच मिनिटांनी त्यांनी दार उघडलं आणि सगळ्यांना वर बोलावलं.

त्या छोट्या खोलीत पाच माणसं झाली. हलायला जागा नव्हती. टबातलं पाणी थोडं सांडलं होतं आणि फोनभोवतीची फरशी ओली चकचकत होती. म्हातारी पलंगावर बसली होती. टेस्टबाईंनी सांगितलं की यंत्र बरं वाटतंय, डायल टोन स्वच्छ आहे, आता एक फोन येईपर्यंत थांबू आणि बघू. मुलाने घड्याळ बघितलं. खाली दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणाला. रविवारी दुकान बंद असतं, हे त्याच्या बायकोने त्याला आठवण करून दिलं.

बरोबर चारला फोन वाजला.

म्हातारीचे हात मांडीखाली गेले. टेस्टबाई जागच्या हलल्या नाहीत. सुनेला म्हणाल्या, "तुम्ही उचला. डाव्या हाताने स्टँड धरा आणि उजव्याने उचला."

"त्यात काय," सून म्हणाली आणि पुढे निघाली.

"थांब," मुलगा म्हणाला. त्याने तिचा दंड पकडला होता. "चप्पल घाल आधी."

फोन वाजत होता.

"चप्पल?" सून हसली. "इथे? का रे?"

"फरशी ओली आहे म्हणून."

"घसरायला होतं तर हात धरून ने. चप्पल कशाला?"

त्याने तिचा दंड आणखी घट्ट धरला. टेस्टबाई पुढे झाल्या, स्वतःच्या चपला पायातून काढल्या, ओल्या फरशीवर उभ्या राहिल्या, स्टँडवर डावा हात दाबून रिसीव्हर उचलला. त्यांना काहीही झालं नाही.

"आई इथेच आहेत," त्या रिसीव्हरमध्ये म्हणाल्या. "धरून ठेवा. तुम्हीही ऐका."

रिसीव्हर तिवईवर आडवा ठेवून त्या मुलाकडे वळल्या. मूठ उघडली. तळहातावर केसाइतकी बारीक तांब्याची तार होती.

"ही मी मघाशीच काढली, आणि फरशीही मीच ओली केली. आता हा फोन कुणालाच चावू शकत नाही. पण ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय."

सून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. "कसली तार?"

"सांगते. फोन शांत असतो तेव्हा तारेत पन्नास व्होल्ट, वाजतो तेव्हा ऐंशी-नव्वद. त्यातली एक बाजू यांनी यंत्राच्या पोटातून, तळाच्या स्क्रूखालून, या स्टँडला जोडली. स्टँड कोरड्या लाकडावर, त्यामुळे माझ्या मीटरला सकाळी अकराला काही दिसायचं नाही. वीज अंगातून जायला तिला जमिनीपर्यंत वाट लागते. या घरात एरवी ती वाट एकाच माणसाची. एक हात स्टँडवर, दोन्ही पाय पाण्यात, टब नळाच्या लोखंडाला टेकलेला. तेही फोन वाजत असतानाच. आठवड्यातून फोन वाजायचा एकदाच, रविवारी चारला. लेकीचाच फोन आईला चावत होता."

तिवईवरच्या रिसीव्हरमधून एक आवाज आला आणि थांबला.

"आमचा लाइनमन आधी रिसीव्हर उचलून ठेवायचा. ते बरोबरच, तसंच शिकवलंय त्याला. पण त्या शहाणपणानेच घात केला. रिसीव्हर उचलला की फोन वाजतच नाही, मग सापडणार काय? शिवाय यंत्र उघडायचं नाही हा आमचा नियम. हे सगळं माहीत असलेलाच माणूस यंत्र बदलायला नको म्हणतो, आणि लाइनमनने बूट घातलेलेच बरे असं त्याला वाटतं. मला चप्पल घालून वर यायला सांगितलं तेव्हा मी विचार केला, नियम सुनेचा आणि सूट मुलाची, असं का?"

"पण मग फोन तोडूनच टाकायचा ना," शिडी न राहवून बोलला.

"तोडला तर बहिणीला बंद लागला असता आणि ती दुसऱ्या दिवशी दारात आली असती. इकडे फोन वाजतो आणि आई घेत नाही. भाऊ सांगतो, आई तुझ्यावर रागावलीय. आईला सांगतो, बहीण रागावलीय. वर म्हातारी रविवारी फोन चावतो म्हणते, त्याची लेखी तक्रार, त्यावर माझी सही. एका दगडात दोन पक्षी, आणि दगड आमच्या ऑफिसने पुरवला. मला आधी वाटलं, किल्ल्या सुनेकडे, कडी सून घालते, पाणीही तीच आणत असेल. पण ती मघाशी अनवाणी या ओल्या फरशीवरून फोन उचलायला निघाली. तिला माहीत असतं तर या तिवईच्या आसपास फिरकली नसती."

मुलाने बायकोचा दंड सोडला होता. भिंग कपाळावरून काढून तो ते पुसायला लागला.

"मी मोजलं होतं," तो म्हणाला. "एवढ्याने कुणी मरत नाही."

"बाहत्तर वर्षांच्या हृदयाचं माप घेतलं होतंत का?"

"आई बहिणीकडे गेली असती तर घर विकलं असतं. दोघींचं ठरलं होतं. माझं दुकान खाली आहे. मला दुसरं काय येतं?" मग आईकडे न बघता, "तिथे तुझी नीट सोय केली होती मी. खोली हवेशीर आहे."

किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढून सुनेने सासूच्या पलंगावर ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आपल्या हातांनी तीन महिने कडी घातली होती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

टेस्टबाईंनी शिडीला खालच्या दुकानातल्या फोनवर पाठवलं. आधी डॉक्टरांना कळवायचं की पाचही अहवाल मागे घेतले आहेत, मग पोलिसांना. मुलगा त्याच्या मागोमाग उतरला आणि दुकानातल्या आपल्या खुर्चीत जाऊन बसला. पळायचं त्याच्या डोक्यातही आलेलं दिसलं नाही.

रिसीव्हर अजून तिवईवर होता. टेस्टबाईंनी तो उचलून पुढे केला. म्हातारीने हात बाहेर काढायला वेळ घेतला. आधी एका बोटाने शिवून बघितलं. मग धरला.

"ऐकलंस ना सगळं?" ती म्हणाली. पलीकडून बराच वेळ कुणी बोलत होतं, मध्येच रडत होतं. म्हातारी ऐकत राहिली. "नाही गं, मी कशाला रागावू," म्हणाली. मग, "हो. येते. आजच निघ तू." आणि तिने रिसीव्हर अगदी हलक्या हाताने जागेवर ठेवला.

टेस्टबाईंना आता काहीतरी बोलायचं होतं. माझ्या सहीमुळे झालं, मी आधी यायला हवं होतं, असं काहीसं. त्यांनी सुरुवातही केली. म्हातारीने त्यांचा हात धरून थांबवलं.

"काल तुम्ही विचारत होतात, पोलिसांना फोन का नाही केला. मला वाटतच होतं हो. स्टँड त्याने बसवलं तेव्हापासून वाटत होतं. म्हणून तर तुम्हाला केला. म्हटलं, तुम्ही याल आणि एखादी तार सैल सापडेल. फोनच खराब निघेल."

टेस्टबाईंनी दुसऱ्या मुठीतल्या तारेकडे बघितलं.

"सुटले हे बरंच झालं," म्हातारी म्हणाली. "पण तार सैल निघाली असती तर बरं झालं असतं."

ती उठली. सुनेने न सांगता पुढे होऊन तिचा डावा हात धरला, आणि दोघी तो अरुंद जिना एकामागे एक, एकेक पायरी करत उतरायला लागल्या. खाली दुकानावरून गेल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं.